फिल्टरपुढचा बोळा

मालकांनी चिमट्याने पिकअपच्या डिझेल पाईपमधून फडक्याचा बोळा ओढून काढला आणि गॅरेजमधल्या सगळ्यांनी मालकांच्या जावयाकडे पाहिलं.

सकाळी ही मालाने भरलेली पिकअप चढावर बंद पडली, मागे घसरली आणि कठड्यावर आदळली. ड्रायव्हरचा हात मोडला. दोन आठवड्यांपूर्वी तिचा डिझेल पंप आणि इंजेक्टर जावयानेच दुरुस्त केले होते. मालकांनी थोरल्या बहिणीला तातडीने बोलावून घेतलं होतं. आक्का निवृत्त फौजदार. गोड बोलून भल्याभल्यांना घाम फोडलेली बाई. पाईप उघडण्याआधी तिनं बॉनेटखाली बराच वेळ डोकं घातलं होतं.

"उघड्या पाईपला फडकं कोंबलं आणि काढायला विसरला," मालकांचा मुलगा म्हणाला. "आणि पंपदुरुस्तीची नवी खोली म्हणे याच्या ताब्यात द्यायची." बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक त्याच्या डोळ्यांत खुपत होतं, आणि ते लपवायची तसदीही तो घेत नव्हता.

"मी टोपणं लावतो, फडकं नाही," जावई एवढंच बोलला.

मालकांचा आवाज चढला. "आक्का, चूक याची असेल तर उद्यापासून यानं इथं पाय ठेवायचा नाही. लेक रडली तरी."

"दम धर. मी दवाखान्यातून येतेय. ड्रायव्हर म्हणतो, परवापर्यंत हाच चढ, एवढाच माल, आणि गाडी सुसाट. काल ती कुठं होती?"

"इथंच. ब्रेकच्या कामाला," मुलगा म्हणाला.

"आणि जावईबापू कुठं होते?"

"बायकोला घेऊन परगावी गेला होता."

"मग गॅरेजात कोण?"

"मी आणि मिस्त्री. मी या शेजारच्या टेम्पोला लागलो होतो. डिझेल गळत होतं."

"अजून गळतंय. पाईप बसवताना वायसर जुनंच ठेवलंस?"

"चालतं की, आत्या."

आक्का वृद्ध मिस्त्रीकडे वळली. जावयाला पान्हा धरायला यांनीच शिकवलं होतं. "तुम्ही, मिस्त्री?"

"ब्रेक केले. बॉनेटला हात लावला नाही."

आक्का स्टुलावर बसली.

"बोळा फिल्टरच्या पुढे, पंपाकडे जाणाऱ्या पाईपमध्ये होता. सपाटीवर थोडं डिझेल मिळत राहिलं, चढावर इंजिन उपाशी मेलं. दोन आठवडे तो तिथं असता तर गाडी पहिल्याच चढावर बसली असती. म्हणजे तो काल घातला. जावई गावात नव्हता. राहिले दोघं."

मुलगा चुळबुळला.

"घाबरू नकोस, तुझ्या आळसानं तुला वाचवलं. अख्खं इंजिन धुळीनं माखलंय आणि या एकाच पाईपचा बोल्ट पुसलेला. खाली तांब्याची कोरी वायसरं. तू ना पुसतोस, ना वायसर बदलतोस. गाडी बिघडवायला आलेला माणूस एवढी निगा कशाला राखेल? कारण त्याच्या हाताला अर्धवट काम येतच नाही. खरं ना, मिस्त्री?"

मिस्त्री खाली बसले.

"गिऱ्हाईक दारातून विचारतं, जावई आहेत का," ते म्हणाले. "माझ्यासमोर. खोलीही त्याला. आतून जळत होतो, आक्का. वाटलं, गाडी परत येईल, त्याला काही सापडणार नाही, मग मी शोधून देईन. चढाचं मनातही आलं नाही. माणूस मरता मरता वाचला."

मुलाने मान खाली घातली. तोही काही कमी जळत नव्हता.

"पोलिसांत सांगावं लागेल," आक्का हलक्या आवाजात म्हणाली. "आधी ड्रायव्हरकडे जाऊ."

"येतो." मिस्त्री उठले, दारापर्यंत गेले आणि जावयासमोर थांबले. "कधी कळलं तुला?"

"बोल्ट पाहिला तेव्हाच," जावई म्हणाला. "तो असा पुसून घट्ट करायची पद्धत तुमचीच."

"मग बोलला का नाहीस? हाकललं असतं तुला."

"तुम्हाला पकडून देऊन मी इथं राहायचं?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं आणि गॅरेजात सगळ्यांसमोर ते रडू लागले.