शाल्मलीगडाची मुद्रा

माझा किल्ला रोज थोडा थोडा उशिरा उघडायला लागला, तेव्हा मी सगळ्यात आधी खंडूला झापलं.

खंडू म्हणजे आमच्या यानातला वाढपी रोबो. ताटं न्यायची, कपबशा गोळा करायच्या, एवढंच त्याचं काम. माझ्या कॉम्प्युटरशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण राग आला की मला समोर कोणीतरी लागतं, आणि खंडू उलटून बोलत नाही.

मी शाल्मली. राहणार सातारा, सध्या मुक्काम ‘अगस्ती’ यान, मंगळाच्या वाटेवर. आई-बाबा तिथल्या वसाहतीत घरं बांधायला निघालेत. बाबांची बहीण, म्हणजे माझी उजूआत्या, या यानाची संपर्कशास्त्रज्ञ आहे. पृथ्वीशी आमचं बोलणं चालू ठेवायचं काम तिचं. यानात शाळकरी मी एकटीच, त्यामुळे लाड जरा जास्तच होतात, हे कबूल.

यंदाची दिवाळी वाटेतच येणार होती. साताऱ्याला आम्ही सोसायटीच्या अंगणात दर दिवाळीत किल्ला करायचो. कोपरापर्यंत चिखल, उतारावर हिरवळीसाठी हळीव पेरायचं, वर मावळे मांडायचे. माझा किल्ला बघायला शेजारच्या गल्लीतली पोरं यायची, उगाच नाही सांगत! पण यानात माती कुठली? इथं पालकसुद्धा पाण्यात वाढतो.

म्हणून मी कॉम्प्युटरवर किल्ला बांधला होता, ‘गडबांधणी’ नावाच्या गेममध्ये. हा एकट्यानं खेळायचा गेम आहे, समोर दुसरा खेळाडू नसतो. पृथ्वीवर असल्यापासून मी त्यात तट, बुरूज, चोरवाटा रचत होते. गडाचं नाव शाल्मलीगड. माझ्या गडाला दुसऱ्याचं नाव कशाला? आणि आमच्या कॅप्टन लीलाताईंनी जाहीर करून टाकलं होतं की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जेवणघरातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी शाल्मलीचा किल्ला बघायचा. मीही कमी नाही. “असला भारी किल्ला जन्मात पाहिला नसेल,” असं प्रत्येकाला सांगत सुटले होते.

आणि नेमका हाच गेम रुसला. पृथ्वीवर बोट लावलं की उघडायचा. यानात आल्यावर आधी जरा थांबायला लागलं, मग लाडवाचा एक घास संपेपर्यंत, मग अख्खा लाडू संपेपर्यंत. आणि दिवाळी तोंडावर आली असताना पडद्यावर अक्षरं उमटली: ‘संपर्क होऊ शकला नाही. कृपया आपले इंटरनेट तपासा.’

“इंटरनेट तपासा? अरे, खिडकीतून बाहेर बघा जरा, कुठं आहे मी ते!” मी पडद्यावरच खेकसले.

आवाज ऐकून आत्या आली. तिनं पडदा बघितला आणि मला हाताला धरून बाहेरच्या लांबलचक बोळात नेलं. पाठोपाठ खंडूलाही बोलावलं.

“शालू, तू आता गेम आहेस,” आत्या म्हणाली. “मी गेम कंपनीचा सर्व्हर (दूर राहून दुसऱ्या कॉम्प्युटरांना उत्तरं देणारा मोठा कॉम्प्युटर). आणि खंडू म्हणजे आपला रेडिओ संदेश. आता मला प्रश्न पाठव.”

“काय विचारू?”

“‘हिला खेळू देऊ का?’ तुझा गेम उघडताना फक्त एवढंच विचारतो.”

खंडू डुलत डुलत आत्याकडे गेला, तिचं ‘हो’ घेऊन परत आला. सोपं होतं. मग आत्या दहा पावलं मागं गेली. खंडूला जास्त वेळ लागला. आत्या आणखी मागं गेली.

“आता साठपर्यंत मोज,” ती लांबून ओरडली. “साठ झाले की दार बंद!”

मी मोजलं. साठ झाले तेव्हा खंडू ‘हो’ घेऊन परतीच्या अर्ध्या वाटेतच होता. आत्यासुद्धा त्याच्या आधी माझ्याजवळ येऊन पोचली. बिचाऱ्याला घाई म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

“कळलं!” मी म्हणाले. “आपण लांब जातोय, म्हणून उत्तराला उशीर होतोय. पण आत्या, खंडू मंद आहे. रेडिओ तर किती जोरात धावतो!”

“प्रकाशाच्या वेगानं. एका सेकंदात तीन लाख किलोमीटर. त्याहून जोरात जगात काहीच धावत नाही. पण आज आपण पृथ्वीपासून नव्वद लाख किलोमीटरच्या पुढं आलो. प्रश्न जायला तीस सेकंद, उत्तर यायला तीस. तुझा गेम वाट बघतो मिनिटभर. पृथ्वीवर मिनिट म्हणजे चंगळ, इथं कमी पडतं.”

“म्हणजे माझा किल्ला पृथ्वीवरच राहिला?”

“छे गं! एकूण एक बुरूज तुझ्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. पृथ्वीवरून एक दगडसुद्धा येत नाही. येते ती फक्त परवानगी. आणि आपण रोज लांबच जाणार.”

मला रडूच फुटलं. किल्ला इथं, मी इथं, आणि मध्ये नव्वद लाख किलोमीटरवरची परवानगी! आता लक्ष्मीपूजनाला सगळ्यांसमोर मी काय दाखवणार होते? रडता रडता राग आला. रागात माझं डोकं बरं चालतं.

“याला काय किल्ला म्हणायचं?” मी म्हणाले. “गडावर स्वतःचं पाण्याचं टाकं असतं, धान्याचं कोठार असतं. खाली वेढा पडला तरी वरची माणसं महिनोन्महिने दाद देत नाहीत. आणि इथं दार उघडायलासुद्धा रोज राजधानीला विचारायचं!”

“कंपनीचीही बाजू ऐक,” आत्या म्हणाली. “गेम बनवायला पुष्कळ माणसं राबतात. एकानं विकत घ्यायचा आणि हजारांना नकला वाटायच्या, असं झालं तर त्यांनी खायचं काय? म्हणून ते दर वेळी खात्री करून घेतात. पाहिजे तर कुलूप मोडून बघू का?”

“मुळीच नको! मी काय चोर आहे? माझ्याच गडात मी चोरवाटेनं का शिरू? मी महादरवाज्यातूनच जाणार.”

आत्या हसली, पण तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात खंडू एकदाचा पोचला आणि ऐटीत म्हणाला, “हो!”

त्या उशिराच्या ‘हो’नं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “आत्या, जुन्या काळी गडावर हुकूम घेऊन कोणी आलं, तर दरवाज्यावरचा माणूस दर वेळी राजधानीला घोडा पिटाळायचा का, ‘हा हुकूम खरा का’ विचारायला? नाही! तो कागदावरची मुद्रा बघायचा. मुद्रा खरी असली की झालं. मग कंपनीनं मला एकदाच मुद्रा दिली तर?”

आत्यानं टाळी वाजवली. “अगं, हीच तर अंकीय स्वाक्षरी (आकड्यांची बनवलेली मुद्रा)! कंपनीकडे एक गुप्त आकडा असतो, भलामोठा. त्याच्या गणितानं ती मुद्रा बनवते. मुद्रा खरी की खोटी हे कोणताही कॉम्प्युटर जागच्या जागी ताडून बघू शकतो, पण गुप्त आकड्यावाचून तशी मुद्रा बनवू मात्र शकत नाही.”

“आईच्या आमटीसारखं,” मी म्हणाले. “ओळखता सगळ्यांना येते, करता फक्त तिला येते.”

“अगदी! आणि मुद्रेत तुझ्या कॉम्प्युटरचीच ओळख गुंफली, तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालणार नाही. कंपनीला नकलांची भीती नाही, तुला थांबणं नाही.”

मी लगेच माझ्या आवाजात संदेश पाठवला. उत्तर आलं: ‘आपल्या तक्रारीबद्दल आभारी आहोत. कृपया आपले इंटरनेट तपासा.’ ते एका यंत्रानं दिलं होतं. मी दातओठ खात दुसरा संदेश पाठवला आणि शेवटी म्हटलं, “हे माणसानंच ऐकावं. मी वाट बघतेय.” आत्यानं मुद्रेचं सगळं गणित आणि माझ्या कॉम्प्युटरची ओळख सोबत जोडली.

दिवस जात राहिले. जेवणघरात कागदी आकाशकंदील लागले. रोज कोणीतरी विचारायचं, “काय शाल्मली, किल्ला तयार ना?” मी हो म्हणायचे आणि उत्तर आलं का विचारायला आत्याकडे पळायचे.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आत्या धावत आली. तिच्या हातातल्या पडद्यावर एक बाई बोलत होती.

“शाल्मली, मी भार्गवी चौबळ. ‘गडबांधणी’चे दरवाजे मीच बनवले. सगळ्यांकडे सतत इंटरनेट असतं, असं मी धरून चालले होते, ते चुकलंच. तुझा संदेश आम्ही सगळ्यांनी दोनदा ऐकला. तू म्हणतेस ती मुद्रा आणि ती ओळखणारा नवा दरवाजा आम्ही बनवला आहे. दोन्ही सोबत पाठवतेय, पहिली मुद्रा तुलाच. किल्लेदार, गड ताब्यात घ्या!”

किल्लेदार! मला, नव्वद लाख किलोमीटरच्याही पलीकडून! मी तिथल्या तिथं तीन उड्या मारल्या.

संध्याकाळी जेवणघर भरलं. मी कॉम्प्युटरसमोर बसले. आत्यानं सगळ्यांदेखत यानाचा पृथ्वीशी असलेला संपर्क थोडा वेळ बंद केला. “बघू या तुझी मुद्रा,” ती म्हणाली. मी बोट लावलं.

क्षणाचाही उशीर नाही. शाल्मलीगडाचा महादरवाजा उघडला आणि बुरुजांवर ओळीनं पणत्या पेटल्या. एवढा गलका झाला की खंडूच्या हातातलं फराळाचं ताट हललं. लीलाताईंनी मला चक्क मुजरा केला. आई डोळे पुसत होती. मी? माझी छाती अशी फुगली होती की फराळ उतरेना.

पुढच्या आठवड्यात भार्गवीताईंचा पुन्हा संदेश आला. गेम विकत घेतलेल्या सगळ्यांना आता अशी मुद्रा मिळणार होती. समुद्रावर बोटीत राहणाऱ्या एका मुलानं आणि डोंगरातल्या एका मुलीनं कळवलं होतं की त्यांचे गड पहिल्यांदाच न थांबता उघडले. मी तो संदेश खंडूला चार वेळा ऐकवला.

आता पुढची दिवाळी मंगळावर. आत्या म्हणते, तिथली माती लालभडक आहे, पाणी आणि बंदिस्त अंगण मिळालं की किल्ला नक्की जमेल. मंगळावरचा पहिला किल्ला माझाच असणार, यात वादच नाही. साताऱ्याहून निघताना मी हळिवाची एक पुडी बॅगेच्या तळाशी लपवून आणली आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.