तेविसाव्या मीटरच्या आधी

अरुणवाडीच्या रोपघरातून हवा गळत होती, आणि ती थांबवायला किती लांब पट्टी लागेल, हे शाल्मलीला आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं.

अरुणवाडी म्हणजे मंगळावरची चाळीस माणसांची वस्ती. तिथल्या रोपघरात नाचणी वीतभर वाढली होती. मंगळावरची ही पहिलीच नाचणी, आणि तिला रोज पाणी घालायचं काम दहा वर्षांच्या शाल्मलीचं. रोपघरावर पारदर्शक झाकण होतं. ते जमिनीला टेकतं तिथे कडेकडेने रबरी पट्टी बसवलेली होती. आज सकाळी तिला तडे गेले, आणि अर्ध्या तासात धुळीचं वादळ येणार होतं. वादळात झाकण हललं की फटी वाढणार, आतली हवा निघून जाणार आणि रोपं मरणार.

शाल्मलीची निलांबरीआत्या वस्तीची शास्त्रज्ञ होती. ती पंपाचा दांडा दाबून उभी होती. दांडा सोडला की वायुदाब (आतल्या हवेचा दाब) घसरायचा, म्हणून तिला जागचं हलता येत नव्हतं.

"शाल्मली, नकाशा बघ आणि ठोकळ्याला आकडा सांग," ती म्हणाली. "पट्टी बनवायच्या यंत्रात पस्तीस मीटरचाच माल आहे. पट्टी अखंड हवी, जोड दिला तर तिथूनच गळेल. तेव्हा जपून हं, बाळा."

ठोकळ्या हा यंत्रमानव. अंगाने कपाटाएवढा, ताकदीने दांडगा, पण पक्का सांगकाम्या. तीनशे मीटर म्हटलं तरी ‘बरं’ म्हणायचा.

शाल्मलीने नकाशा पसरला. रोपघराचा आकार मोठ्या आयताचा वरचा उजवा कोपरा चौकोनी कापून टाकावा तसा होता. खालची बाजू नऊ मीटर, डावी सात, वरची पाच, उजवी दोन. तिने भराभर बेरीज केली.

"तेवीस!"

"तेवीस मीटर. बरं," ठोकळ्या म्हणाला. यंत्र घरघरलं आणि काळी पट्टी बाहेर येऊ लागली. "एक... दोन..."

"काय मोजलंस गं?" आत्याने विचारलं.

"सगळे आकडे."

"आकडे की बाजू?"

शाल्मलीने पुन्हा नकाशाकडे पाहिलं.

"आपल्याला परिमिती हवी आहे," आत्या धापा टाकत म्हणाली. "परिमिती म्हणजे आकृतीच्या कडेने एक पूर्ण फेरी मारली की भरते ती लांबी. मुंगी होऊन कडेकडेने चाल. निघालीस तिथेच परत ये."

"सहा... सात..."

शाल्मलीने खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. वर सात. उजवीकडे पाच. मग बोट खाली वळलं, आणि तिथे आकडाच नव्हता! पुढे ते पुन्हा उजवीकडे गेलं. तिथेही नाही. मग खाली दोन, आणि डावीकडे नऊ. बाजू सहा होत्या आणि आकडे चार.

अरुणवाडीच्या नकाशांची ही एक खोडच होती. बाकीच्या मापांवरून जे काढता येतं, ते इथले लोक लिहीतच नसत. मोठ्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. शाल्मलीला मात्र न लिहिलेली बाजू म्हणजे नसलेलीच बाजू वाटली.

"आत्या, चुकलं! थांबव त्याला!"

"मध्येच थांबवलं तर माल आत घट्ट होईल. पट्टी कापणारं पातं पडेल तेविसाव्या मीटरला. त्याआधी नवा आकडा सांग, तो बदलेल."

"अकरा... बारा..."

शाल्मली नकाशावर वाकली. खाली नऊ, वर पाच. म्हणजे मधली आडवी बाजू नऊ वजा पाच, चार. डावीकडे सात, उजवीकडे दोन. म्हणजे मधली उभी सात वजा दोन, पाच. सात, पाच, पाच, चार, दोन आणि नऊ मिळून बत्तीस!

पण दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. पुन्हा चुकलं तर?

"सतरा..."

"आत्या, खात्री कशी करू?"

"आत दबलेला कोपरा बाहेर ढकल."

शाल्मलीने मनातल्या मनात चारची बाजू वर सरकवली. ती पाचला जाऊन भिडली, झाले नऊ. पाचची उभी बाजू उजवीकडे सरकवली. ती दोनवर बसली, झाले सात. जागा बदलली, पण लांबी तेवढीच राहिली, आणि समोर पूर्ण आयत! दोन नऊ म्हणजे अठरा, दोन सात म्हणजे चौदा.

"एकवीस..."

"ठोकळ्या, बत्तीस! बत्तीस मीटर!"

"बत्तीस मीटर. बरं. बावीस... तेवीस..."

शाल्मलीने डोळे गच्च मिटले.

"चोवीस..."

ठोकळ्याने पट्टी कडेने चिकटवत नेली. सहावा कोपरा वळून तो परत आला, आणि टोकाला टोक भिडलं. तेवढ्यात बाहेर सगळं तांबडं झालं. झाकण थडथडू लागलं. आत्याने हळूच दांडा सोडला. दाबाचा काटा जागचा हलला नाही.

शाल्मली नाचणीपाशी बसली आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू तिने मोकळं केलं. आत्या शेजारी टेकली. तिच्या तळहातांना फोड आले होते.

"पुढच्या वर्षी भाताचं रोपघर बांधणार आहोत," काही वेळाने ती म्हणाली. "ते गोल असेल. त्याची परिमिती काढशील?"

शाल्मलीने नाक पुसलं. "गोलाला बाजूच नसतात. मग बेरीज कशाची करायची?"

"तेच तर विचारतेय."

शाल्मली उठली, पाणी घालायचा गोल डबा तिने पुढ्यात ओढला, आणि त्याच्याभोवती गुंडाळायला दोरा शोधू लागली.