तातेरावांचं पेव

हिंगोलीच्या मोंढ्यामागं सटवाजीची एक जागा होती. मातीच्या भिंतीचं आवार, एक लिंब, आणि लिंबाखाली जमिनीत खणलेलं धान्याचं पेव. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड, पण आत गाड्याच्या गाड्या जोंधळा मावेल एवढं पोट. आठवडी बाजारांत कापडाचं गाठोडं वाहून वाहून सटवाजीच्या खांद्याला घट्टे पडले होते. त्या जन्मभराच्या कमाईतून त्यानं ही जागा घेतली. पेव भाड्यानं द्यावं आणि म्हातारपणी बसून खावं, एवढाच त्याचा विचार.

पण एकदा धान्य ठेवलेला व्यापारी दुसऱ्यांदा येत नसे. जोंधळ्याला वास येतो म्हणत. कसला, ते कोणी सांगत नसे.

"इकून टाका," त्याची बायको रुख्मिणीबाई म्हणायची.

"भाव येऊ दे," सटवाजी नवऱ्याच्या तोऱ्यात म्हणायचा.

"आधीचा मालक बी हेच म्हनून मेला."

ते खरं होतं. टंचाईच्या साली हे पेव तोंडापर्यंत भरलेलं होतं आणि गाव दाराशी उभा होता. तेव्हाचे मालक तातेराव सगळ्यांना एकच सांगत राहिले, "भाव येऊ दे." एके दिवशी लोक काठ्या घेऊन आले. जोंधळा नेला आणि रिकाम्या पेवात तातेरावांना लोटलं. चार-पाच जण मागोमाग उतरले. वर आले तेव्हा काठ्या ओल्या होत्या. मग त्यांनी झाकणाची शिळा लावली. तातेरावांच्या विधवेनं जागा मातीमोल विकली, म्हणून तर सटवाजीला ती परवडली.

अखेर त्या उन्हाळ्यात अडत्या जलालुद्दीन जागा बघायला आला.

"सटवाजीभाई, भुताची तकलीफ मला न्हाई. बुडाला ओल नसली म्हंजे झालं. कुनाला तरी उतरवा, माती वर आना."

मोंढ्यातला हमाल थावरा कमरेला जाड दोराचा नाडा बांधू लागला. रुख्मिणीबाई भाकरी घेऊन आली होती.

"मावशे, कोरड्यास काय हाय? खाली तातेरावाला बी इचारतो, जेवतो का म्हनून."

"मुडद्या, थट्टा करू नको," ती म्हणाली.

शिळा सरकवली तशी गरम, आंबूस वाफ वर आली. बंद पेवातली हवा विषारी असते. म्हणून आधी कंदील सोडायचा. तो विझला तर माणसानं उतरायचं नाही, हा सगळ्यांना ठाऊक असलेला नेम. सटवाजीनं ओणवं होऊन पेटता कंदील सोडला. अर्ध्यावर ज्योत आक्रसली... आणि विझली.

ते फक्त त्यालाच दिसलं. जलालुद्दीन भिंतीपाशी पान लावत होता, थावरा नाड्याची गाठ आवळत होता. आज हा माणूस गेला तर पुन्हा कोण येणार? सांगावं की नको, या विचारात सटवाजीनं दोरी ओढली.

कंदील वर आला, तो जळत होता. ज्योत ताठ, वारा नसल्यासारखी.

"झकास!" थावरा म्हणाला. "सोडा मला."

सटवाजीच्या घशाशी शब्द आला होता. तो त्यानं गिळला आणि नाडा सोडू लागला.

थावराचे पाय बुडाला टेकले. क्षणभर काहीच नाही. मग आवाज आला. पोत्यावर काठी बसावी तसा, जड आणि ओला. एक... मग दुसरा... मग धपाधप, चारी बाजूंनी. थावराची किंकाळी पेवाच्या पोटात घुमली. नाडा खाली असा हिसकला की सटवाजीच्या तळव्यांची सालं निघाली आणि तो छातीवर आपटून तोंडाशी घसरत गेला. खालून कोणीतरी त्याची मान धरली. पंजा थंड होता, जोंधळ्याच्या भुशानं खरखरीत.

"भाव... आला का?" त्याच्या कानाशी कोणीतरी विचारलं.

जलालुद्दीननं आणि रुख्मिणीबाईनं पाय धरून त्याला मागं खेचलं. तिघांनी नाडा ओढला. थावरा वर आला तेव्हा त्याचा एक हात कोपरातून उलटा लोंबत होता, नाकातोंडातून रक्त वाहत होतं आणि अंगभर काठीचे वळ होते. श्वास चालू होता. बाकी काही नाही.

जलालुद्दीननं शिळा पुन्हा तोंडावर सरकवली.

"माझ्याच सांगन्यानं ह्यो उतरला. तुमी मागताल ती किंमत देतो. मुरूम टाकून आजच बुजवतो. बस, व्हय म्हना."

सटवाजीला व्हय म्हणायचं होतं. आयुष्यात एवढं काही कधीच म्हणावंसं वाटलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं.

"भाव येऊ दे."

आवाज त्याचा नव्हता. जलालुद्दीन त्याच्याकडं बघतच मागं सरला, थावराला आपल्या गाडीत घालून निघून गेला.

संध्याकाळी घरी रुख्मिणीबाईनं नवऱ्याचा सदरा उतरवला. पाठीवर काठीचा एक वळ टरारून उठला होता. तिनं तोच कंदील जवळ ओढला. तेल बघायला टाकीचं टोपण काढून तो कलता केला, तर आतून तेलाऐवजी कोरडा जोंधळा सांडला. वर ज्योत जळतच होती.

तिनं वळावर हळद लावायला घेतली.

"अवं, जलालुद्दीनला निरोप धाडू का? व्हय म्हना फकस्त..."

सटवाजीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तो मान हलवत होता, व्हय, व्हय.

"भाव येऊ दे," त्याचं तोंड म्हणालं.

आणि तिच्या बोटांखाली, कोरी होती त्या कातडीवर, दुसरा वळ उठला.