सांडव्यावरच्या फळ्या

आधी तो मोबाइलचा उजेड बंद करा रे, डोळ्यांत जातोय. आणि ज्याला भीती वाटते त्याने आत्ताच घरी जावं. मग अर्ध्यावर "काका, दारापर्यंत सोबत या ना" असं चालायचं नाही. गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो माझा दोस्त, अजून हयात आहे.

आम्ही त्याला कप्तान म्हणायचो. समुद्र त्याने बापजन्मात पाहिला नव्हता. गावाबाहेर एक छोटं तळं, लोकांनी सहलीला यावं, फिरावं, यासाठीच बांधलेलं. तिथे बदकाच्या आकाराच्या पॅडलच्या होड्या असायच्या, त्या हा भाड्याने द्यायचा, म्हणून कप्तान! तळ्याला एका अंगाला मातीचा बांध, आणि बांधाच्या अगदी पायथ्याशी कप्तानाच्या दोन खोल्या. तळं सांभाळणाऱ्या मंडळाने दिलेल्या. फुकट घर मिळालं म्हणून पठ्ठ्या खूश. आपल्या डोक्यावर केवढं पाणी आहे, हे त्याच्या कधी मनातही आलं नाही.

बांधाच्या टोकाला सांडवा होता. तळं भरलं की जास्तीचं पाणी निघून जायची वाट, सिमेंटच्या दोन खांबांमधली. ती मोकळी ठेवायची, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पाणी निघून गेलं की काठाला चिखल उघडा पडायचा आणि होड्या रुतायच्या. मग मंडळाच्या अध्यक्षांनी डोकं चालवलं. खांबांना खाचा पाडून घेतल्या, त्यांत तीन फळ्या आडव्या बसवल्या, पाचरी ठोकल्या. पाणी हातभर वर चढलं. झाली सोय! तपासणीचे साहेब आले, त्यांनी बांधावरची झुडपं पाहिली, खेकड्यांची बिळं पाहिली, आणि फळ्या पाहून तर कपाळाला हात लावला. म्हणाले, आजच्या आज काढा. लगेच काढल्या. साहेबांची गाडी वळणाआड जाईपर्यंत फळ्या होड्यांच्या मागे लपवलेल्या होत्या. गाडी गेली, फळ्या परत जागेवर. दरवर्षी हाच खेळ. कप्तान आम्हाला हसून हसून सांगायचा, आणि आम्हीही हसायचो.

तर ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी होड्यांची शर्यत, शाळेची पोरं येणार होती. कप्तानाची लेक बाळंतपणाला आलेली, अठरा दिवसांची नात पाळण्यात. वर डोंगरात संध्याकाळपासून विजा चमकत होत्या. रात्री पावणेबाराला कप्तान दिवा मालवणार, तेवढ्यात घरामागच्या, सांडव्याचं पाणी नेणाऱ्या नाल्यात पाणी खळखळायला लागलं.

"फळ्या काढल्या रे काढल्या कुणीतरी!" कप्तान उठलाच. "हे गळ टाकणारे असणार. मेल्यांना वाहत्या पाण्यातले मासे हवेत."

"आता कुठे निघालात? सकाळी घाला की," बायको म्हणाली.

"सकाळपर्यंत पाणी खाली जाईल. मग शर्यत काय चिखलात लावू?"

"आभाळ तरी बघा, बाबा," लेक म्हणाली.

"तू बाळाकडे बघ, मी आभाळाकडे बघतो. आलोच." हातोडी आणि टॉर्च घेऊन तो निघाला.

पायऱ्या चढून वर गेला, बांधावरून सांडव्यापाशी पोचला. तिन्ही फळ्या काठावर एकीवर एक रचून ठेवलेल्या. नीट, कडेला कड लावून. त्यांच्या बाजूला पाचरी. आजूबाजूला चिटपाखरू नाही. कप्तानाने गळवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, फळ्या खाचांत सोडल्या, पाचरी ठोकल्या. पाणी थांबलं. हात झटकत तो माघारी वळला.

बांधाच्या निम्म्यापर्यंत आला असेल. मागे पुन्हा खळखळ.

धावत परत गेला. फळ्या काठावर... तशाच रचलेल्या. कडेला कड.

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. ठोकलेली पाचर अशी सुखासुखी निघत नाही, आणि हातोडीचा आवाजही आला नव्हता. पण रागावलेल्या माणसाला हे सुचतं थोडंच! त्याने फळ्या पुन्हा घातल्या आणि पाचरींवर असे घाव घातले की खांबाचे टवके उडाले. मग टॉर्च बंद केला आणि सगळ्यात वरच्या फळीवरच ठाण मांडून बसला. बघू म्हणाला, आता कोण काढतो ते.

अंधार. वारा पडलेला. डोंगराकडे एकदा उजळलं, विझलं. पायाखाली पाणी हळूहळू चढत होतं.

बऱ्याच वेळाने समोरच्या खांबापाशी कुणीतरी बसल्यासारखं वाटलं.

"कोण आहे रे?"

कप्तानाने हातोडी घट्ट धरली.

"गळ टाकायला आलास ना? सापडलास की नाही!"

"घरी कोण कोण झोपलंय?"

आवाज अगदी साधा. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस विचारतो ना, तसा. कप्तान म्हणाला, "तुला काय करायचंय?"

"कोण कोण झोपलंय?"

"बायको," कप्तानाच्या तोंडून निघून गेलं. "लेक... आणि नात. अठरा दिवसांची."

"नाव ठेवलं?"

"नाही अजून."

खाली फळीवर काहीतरी थपथपलं. नुसतं पाणी.

"आमच्या पोरीचंही... राहूनच गेलं. पाणी आधी आलं."

कप्तानाने टॉर्च लावला.

खांब. मागे अंधार. कुणी नाही.

मग त्याने उजेड खाली फिरवला. पाणी फळीच्या काठाला टेकलं होतं. बसला तेव्हा ते वीतभर खाली होतं. डोंगरातलं पाणी आलं होतं, आणि त्याला जायला वाट नव्हती. ती वाट त्याने स्वतः ठोकून बंद केली होती. तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं, घर किती खाली आहे ते. खिडकीतला मिणमिणता दिवा. लेक जागी होती.

तो फळीवर तुटून पडला. पाचर हलेना. रागाने ठोकलेली, वर पाण्याने फुगलेली. हातोडी निसटली. पाण्यात गेली. नखं तुटली. "निघ गं बाई, निघ..." म्हातारा रडत होता, मला स्वतः सांगितलंय त्याने. फळी कुरकुरली. इंचभरही वर आली नाही.

आणि मग ती हलकी झाली.

दुसऱ्या टोकाला... कुणीतरी धरलं होतं.

पहिली निघाली. दुसरी निघाली. तिसरी. दर वेळी दोन्ही टोकं एकदम उचलली गेली. कप्तानाने मान वर केली नाही. एकदाही नाही. फळ्या काठावर रचायच्या भानगडीत या वेळी कुणी पडलं नाही, त्या पाण्याबरोबर गेल्या. सांडवा गर्जत वाहायला लागला, आणि कप्तान पायऱ्यांवरून धडपडत घरी. बाळाला चादरीत गुंडाळलं, बायकोला आणि लेकीला हाताला धरून बाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं, आणि सगळे वरच्या रस्त्याला जाऊन बसले. पाऊस खाली आलाच नाही, पण तळं रात्रभर फुगलेलं होतं.

सकाळी निरोप गेला तसे तपासणीचे साहेब आले. घराच्या मागच्या बाजूला बांधातून एक धार लागली होती, गढूळ, मातीच्या रंगाची. साहेबांनी त्या भोकात हात घातला तो खांद्यापर्यंत आत गेला. म्हणजे बांध आतून पोखरत चालला होता. "पाणी आणखी हातभर वर असतं ना..." असं म्हणाले, आणि लेकीच्या कुशीतल्या बाळाकडे बघत राहिले. अध्यक्षही तिथेच उभे होते. ते फळ्यांचं नावही काढेनात. त्याच दिवशी तळं रिकामं करायला घेतलं.

दुपारी कप्तानाने कुलूप उघडलं. घरात पाण्याचा थेंब नाही. फरशी कोरडी, अंथरुणं कोरडी, पाळण्यातली दुपटी जशीच्या तशी.

फक्त भिंतींवर एक रेघ होती. पूर ओसरला की राहते ना, बारीक चिखलाची, तशी. चारही भिंतींवर, एकाच पातळीत.

घाईघाईने रंगवायला मलाच बोलावलं होतं, माझा धंदाच तो. तीन वेळा रंग दिला, तीन वेळा रेघ रंगावर उमटली. आणि मी काही बुटका नाही पोरांनो, पण तिच्यापर्यंत ब्रश पोचवायला मला स्टुलावर चढावं लागलं. हात लावून पाहिला...

ओली होती.