बायकांच्या बाजूचा खेळ

महाशिवरात्रीच्या जागराला गच्चीवर पोरंबाळं पेंगायला लागली, तेव्हा चन्नबसप्पा मामांनी पाय पोटाशी घेतले आणि विरूपाक्षाचं नाव काढलं. विरूपाक्ष त्यांचा शेजारी, शिरूर अनंतपाळच्या पत्र्याच्या टॉकीजचा ऑपरेटर. त्याला खोटं बोलता यायचं नाही, एवढं सांगून मामा सुरू झाले.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं आणि आडाला सलग दुसऱ्या वर्षी पाणी नव्हतं. शिवरात्रीच्या सकाळीच विरूपाक्ष एसटीनं लातूरला गेला, सिनेमाच्या पेट्या आणायला. शिवभक्ताचा जुना मराठी सिनेमा. पेट्या टपावर चढवताना त्याला लई दिवसांनी बरं वाटत होतं.

एके काळी शिवरात्रीला ही टॉकीज रात्रभर चालायची. उपासाच्या बाया पोरं कडेवर घेऊन, शेंगदाण्याचे लाडू बांधून यायच्या. त्यांची बाजू वेगळी, दाराशी बॅटरी घेऊन गौरम्मा उभी. एकाही गड्याला ती तिकडं फिरकू द्यायची नाही. पुढं चांगला मराठी सिनेमा येईनासा झाला. जो यायचा तो आचकटविचकट. त्यात व्हिडिओ आला, खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, आणि मालक शेषेरावांनी घाणेरडे तुकडे आणले. चालू सिनेमाच्या मधेच चार मिनिटांची पट्टी जोडायची. जोडणारे हात विरूपाक्षाचे. तुकडा लागला की तो गळ्यातलं इष्टलिंग रुमालात गुंडाळायचा, देवाला दिसू नये म्हणून. खाली भिंती पिंकांनी लाल, कोपऱ्यात मुताचा वास, आणि अंधारात शिट्ट्या. बाया यायच्या थांबल्या. गौरम्मा तरी रोज येऊन रिकाम्या बाजूच्या दारात बसायची. आदल्या वर्षी ती वारली. घरी बायको, शिवकांता, पाण्याच्या त्या टंचाईतही त्याच्यासाठी एक तांब्या राखून ठेवायची, पण हात धुतल्याबिगर देवघराकडं येऊ द्यायची नाही.

महिनाभर मालकाच्या मागं लागून त्यानं ही एक रात्र मागून घेतली होती. बाया आल्या तर दर शुक्रवारी घरच्यांनी मिळून बघायचा सिनेमा. नाही आल्या तर मशीन भंगारात आणि टॉकीजमध्ये व्हिडिओ.

दिवेलागणीला मालक वर मशीनच्या खोलीत आले.

"पाचव्या रिळात तुकडा टाक. बाया न्हाई आल्या तर गडी तरी बसतील."

"शेठ, आज शिवरात्र हाय."

"मग? शंकराला काय बायकापोरं न्हाईत?"

विरूपाक्षानं पाचवं रीळ काढलं. आणि त्यानं तुकडा जोडला.

दहाला खेळ लागला. एक बाई आली नाही. वीसेक गडी होते, त्यांनी दुसऱ्या रिळापर्यंत शिव्या दिल्या आणि उठून गेले. मालकही गेले. विरूपाक्षानं दाराला आतून कडी घातली. शिवरात्रीचा लावलेला खेळ मधे मोडायचा नसतो, म्हणून तो चालवत राहिला. तुकडा काढून टाकायला त्याला भरपूर वेळ होता. पण बघायलाच कोणी नाही, मग राहिला तर राहिला, असं त्याच्या मनात आलं. मामा म्हणाले, इथं चुकला तो.

अकरा पस्तीसला त्यानं पाचवं रीळ चढवलं. मशीनशेजारच्या खिडकीतून सहज खाली पाहिलं.

बायकांच्या बाजूला डोकी होती. पदर घेतलेली. रांगेनं.

त्याला आधी आनंदच झाला. उशिरा का होईना, आल्या. आणि मग ध्यानात आलं... पोर रडत नव्हतं. बांगडी वाजत नव्हती. दाराला तर कडी होती.

आणि तुकडा येत होता.

भीती मागून आली. आधी लाज आली. एवढ्या बायांसमोर... तो बटणाकडं झेपावला. हात उचलेना. जोड खटकन मशीनमधून गेला.

पडदा पांढरा झाला. चित्र नाही. आवाज नाही. नुसता उजेड.

त्या उजेडात सगळी डोकी मागं वळली. वर. खिडकीकडं.

तोंडं...

तोंडांचं विरूपाक्षानं कधी सांगितलं नाही.

दाराशी एक बॅटरी पेटली. तिचा झोत जमिनीवरून भिंतीवर आला. भिंतीवरून वर... खिडकीत... आणि त्याच्या हातांवर येऊन थांबला.

चार मिनिटं.

मग सिनेमा पुन्हा लागला. आरती सुरू झाली. डोकी पुढं वळली. विरूपाक्षानं राहिलेली रिळं चालवली, संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावली, उजाडेपर्यंत. खाली पाहिलं नाही.

"मग टॉकीज बंद झाली?" धाकट्या रत्नम्मानं हळूच विचारलं.

न्हाई, मामा म्हणाले. पुढच्याच शुक्रवारी घरच्यांचा सिनेमा लागला. अकरा बाया आल्या, शिवकांता सगळ्यांच्या पुढं. किती वर्षं चाललं ते सोडा, पण चाललं. अन् आजबी कुणी चांगला सिनेमा काढला तर आपल्या बाया येतील, हे माझ्याकडून लिहून घ्या.

मालक कसे वळले, तेही मामांनीच सांगितलं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा विरूपाक्षानं पाचव्या रिळातून तुकडा कापला आणि त्यांच्या हातात दिला. मालकांनी पट्टी उन्हात धरली. हातभर सोडली. आणखी हातभर. शेवटपर्यंत.

कडेची भोकं तेवढी जागेवर होती. बाकी सगळी पट्टी कोरी... धुतलेल्या काचेसारखी. आणि बोटांना ओली लागत होती.