कासार गल्लीचा वसा

तळघराच्या दारावरची मोहोर तोडण्यापूर्वी डॉ. चारुशीला अष्टेकरांनी क्षणभर डोळे मिटले. अकरा वर्षांपूर्वी ही मोहोर त्यांनीच लावली होती. आत होती नगरमती, त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम.

तेरगाव तेव्हा हाताबाहेर गेलेले शहर होते. गिरण्या बंद, नळ कोरडे, नगरपालिका बरखास्त. तीन प्रशासक आले आणि बदली मागून गेले. शेवटी सरकारने त्या खुर्चीत यंत्रच बसवले. जुन्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तळघरातली ही स्वयंविचारी यंत्रणा शहरातल्या तीनशे बारा गल्ल्यांना रोज सकाळी एकेक चिठ्ठी पाठवायची. पाण्याची झडप किती वेळ उघडायची, नाली कुणी काढायची, कालचे भांडण कसे मिटवायचे, सगळे त्या चिठ्ठीत. तेव्हापासून तेरगावातून राजधानीत एकही तक्रार गेली नव्हती. राजधानीतल्या राज्यमती नावाच्या थोरल्या यंत्रणेच्या हुकमाने चालणारी आसपासची चाळीस शहरे मात्र वर्षागणिक खंगत चालली होती.

आणि आता राज्यमतीचा नवा आदेश निघाला होता: तेरगावच्या सगळ्या झडपा उद्यापासून राजधानीतून चालतील. नऊ वाजता राज्यमतीचे आदेश उघडून वाचणारे सचिव प्रभंजन देसले येणार होते. नगरमती ठणठणीत असून जोडणीला योग्य आहे, असा चारुशीलाबाईंचा दाखला त्यांना हवा होता. बाईंना तो द्यायचा नव्हता. पण न देण्याला कारणही सापडत नव्हते.

दार करकरत उघडले आणि ओल्या मातीचा जुनाट वास आला.

"ताई, ही रेघ बघा," डॉ. नसीम इनामदारांनी भिंतीवर विजेरीचा झोत टाकला. त्या जालशास्त्रज्ञ, म्हणजे आपसांत जोडलेल्या जाळ्यांच्या अभ्यासक होत्या, बाईंच्या वीस वर्षांच्या सहकारी. छातीइतक्या उंचीवर वाळलेल्या गाळाची सरळ रेघ होती. ती भिंतीवरून निघून स्मृतिपट्टांच्या कपाटांवरून पलीकडे गेली होती. कपाटांच्या फटीफटीतून गाळ बाहेर येऊन वाळला होता. मुख्य पट्टावरचा कालदर्शक थांबलेला होता, आणि त्यावरची तारीख होती नऊ वर्षांपूर्वीच्या महापुराची.

बाईंनी कपाटावर हात ठेवला. गार. श्वास थांबलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात त्यांना उचलवेना.

"गेलीये ही," नसीम हलकेच म्हणाल्या. "आज नाही, नऊ वर्षं झाली."

"मग चिठ्ठ्या? त्या कोण पाठवतंय?"

"ते तुम्हीच सांगा. चिठ्ठीची पेटी तुमचीच."

बाई पायरीवर बसल्या. "प्रत्येक गल्लीतली आदेशपेटी उन्हावर चालते. गल्लीतल्या सगळ्या सज्ञान माणसांची नावं तिच्या पोटात असतात. रोज एकाचं नाव काढायचं, त्याच्याच अंगठ्यानं उघडायचं आणि वर नाव-तारीख, तळाशी उद्याच्या माणसाचं नाव छापायचं, एवढं ती आपलं आपण करते. मधला आदेश मात्र इथून जायचा."

"आणि इथून काही गेलं नाही तर?"

"तर मधला भाग कोरा. तो नियम मीच घातला होता, नसीम. माहिती अपुरी असेल तर यंत्रानं अंदाज करायचा नाही, गप्प बसायचं. कोरी चिठ्ठी आली की लोक दुसऱ्या दिवशी ओरडत येतील, हे मी धरूनच चालले होते."

"नऊ वर्षांत कोण आलं?"

"कुणीच नाही."

नसीमनी विजेरी घड्याळावर धरली. "सात वाजत आलेत. कासार गल्ली समोरच आहे. चला, बघूच."

कासार गल्लीच्या तोंडाशी आदेशपेटी होती, शेजारी पाण्याची टाकी. पेटीच्या माथ्यावर चार दिवे होते. शेजारच्या चार गल्ल्यांच्या टाक्या किती भरल्यात ते त्यांच्यावरून कळे. पंचवीसएक माणसे घागरी घेऊन जमली होती. सरकारी कागदात त्या दिवशीच्या माणसाला दिनधारक म्हणत. गावाने तो शब्द कधीच टाकून दिला होता. इथे त्याला म्हणत वसेकरी, आणि कामाला म्हणत वसा. वसेकऱ्याने अंघोळ करून यायचे आणि वाचून होईपर्यंत तोंडात पाणी घ्यायचे नाही. हे कुणी ठरवले, कुणालाच आठवत नव्हते.

आज वसा सोजरबाई ढवणांचा होता. पन्नाशीची, अंगाने किरकोळ, विड्या वळून बोटे पिवळी पडलेली बाई. तिने पेटीला अंगठा लावला, चिठ्ठी काढली, दगडावर चढून लोकांकडे तोंड केले आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"झडप पावणेदोन तास. वरल्या गल्लीची टाकी खाली हाय, म्हनून पाव तास आपला कमी. हमीदाबीच्या घरी बाळंतीण हाय, तिला दोन घागरी ज्यादा. नाली ढवणांनी काढायची."

"परत ढवण?" मागून कुणीतरी ओरडले. "सोजरे, यंत्राचा तुझ्या घरावर लई जीव दिसतोय!"

गल्ली हसली. सोजरबाईही हसली, पण लगेच वळून तिने चिठ्ठी टाकीत सोडली. विरघळकागद तो, क्षणात पाणी झाला. जुन्या चिठ्ठ्या दाखवून लोकांनी हुज्जत घालू नये म्हणून हा कागद चारुशीलाबाईंनीच निवडला होता.

घागरी भरून लोक पांगल्यावर बाई तिच्याजवळ गेल्या. "सोजरबाई, मी ही पेटी बनवली. खरं सांगा. चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

सोजरबाईच्या तोंडचे पाणी पळाले. ती टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसली.

"तुमाला कसं कळलं वं?" तिने पदर तोंडाला लावला. "कोरी निघती बाई माझी. नाव निघतं, तारीख निघती, मदी काय न्हाई. पयल्यांदा वाटलं, त्या आठवड्यात सोमवार मोडला हुता माझा, म्हनून आसंल. मग उद्यापन केलं. तरी कोरीच. वर्षातनं दोनदा वसा येतो. अठरा डाव झालं, अठराच्या अठरा कोऱ्या."

"मग वाचता काय?"

"काय वाचू? लोकं घागरी घिऊन उभी आसत्यात. ह्या दिव्यांकडं बगती, कुनाच्या घरी काय हाय ते आठवती आन् सांगती मनानं. चोरीचीच चिठ्ठी ती, निदान आपल्या फायद्याची तरी नगं. म्हनून नाली आमच्याकडं घेती." तिने डोळे पुसले. "कुनाला सांगू नका. दुसऱ्या समद्यांच्या चांगल्या निघत्यात. मीच एक करंटी."

चारुशीलाबाई तशाच हमीदाबीच्या दारात गेल्या. हमीदाबीने आधी शपथा घेतल्या, मग रडत कबूल केले: फक्त तिचीच कोरी निघते, बाकी साऱ्यांची भरलेली. पलीकडच्या गल्लीतल्या चांभारदादांनीही तेच सांगितले. आणखी पुढच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी तर आधी दार लावून घेतले. "माझं नाव घेऊ नका," ते कुजबुजले. "पण कोरी असली तरी मी अगदी शुद्ध वाचतो हो."

परत येताना केंद्राच्या फाटकाशी नसीमनी बाईंचा हात धरला.

"ताई, वाळवीचं वारूळ पाहिलंत ना? आत वारा खेळता राहील असं बांधकाम, आणि आत इंजिनिअर कुणी नाही. राणी असते, पण ती हुकूम देत नाही, नुसती अंडी घालते. प्रत्येक वाळवी शेजारणीनं ठेवलेली माती हुंगते आणि आपला कण त्याच्यालगत ठेवते. बस. यालाच आम्ही बिनकेंद्री मेळ म्हणतो. त्याला तीन गोष्टी पुरतात. शेजाऱ्याची खबर, ती तुमच्या दिव्यांनी दिली. कामाची फिरती पाळी, ती तुमच्या पेटीनं दिली. आणि तिसरी, जो सांगेल त्यालाही तेच सोसावं लागणं. सोजरबाईनं पाव तासाऐवजी पाऊण तास कमी केला असता, तर तिच्याच घागरी रिकाम्या राहिल्या असत्या."

"पण छप्पन हजार माणसं, नसीम! छप्पन हजार माणसं एकच गुपित पोटात ठेवून जगतायत. आणि प्रत्येकाला वाटतंय, दोष माझाच."

"दुसऱ्या मुलखात असती ना, तर पहिल्याच दिवशी पेटी फोडून मोकळी झाली असती," नसीमना हसू फुटले, आणि लगेच डोळे भरून आले. "आपली माणसं! यंत्र बिघडलं असेल, हे नऊ वर्षांत एकाच्याही मनात आलं नाही."

बरोबर नऊला देसलेंची गाडी आली. सचिव उंच, नीटनेटके, थकलेल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांनी खिशावर हात ठेवला. "राज्यमतीचा आदेश माझ्याकडे आहे, मॅडम. दाखला तयार आहे ना?"

"दाखला कसला देऊ? नगरमती नऊ वर्षांपूर्वी पुरात संपली. या शहरात कुणाचंच राज्य नाही, देसलेसाहेब. चिठ्ठ्या कोऱ्या येतात."

देसले हसण्याच्या बेतात होते. ते हसू अर्ध्यावर थांबले.

"कोऱ्या म्हणजे," त्यांनी विचारले, "वर नाव येतं, तारीख येते, आणि मध्ये काही नाही. असंच ना?"

चारुशीलाबाईंनी नाव-तारखेचा शब्दही काढला नव्हता.

बाईंना एकदम लख्ख उलगडले. राज्यमती त्यांच्याच साच्यावर घडवलेली होती, आदेशपेटीसकट. एकेचाळीस शहरांची माहिती ऐकल्याशिवाय बोलायचे नाही, हा नियम तिलाही होता. एकेचाळिसावे शहर तेरगाव, आणि त्याची माहिती नगरमतीकडून जायची. तेरगावची नगरमती ज्या दिवशी मुकी झाली, त्याच दिवशी राजधानीची राज्यमतीही मुकी झाली होती.

"तुमची केव्हापासून?" त्यांनी विचारले.

"मी या खुर्चीत आल्यापासून. सहा वर्षं." देसलेंचा आवाज शाळकरी पोरासारखा झाला होता. "मला वाटलं, मी वशिल्यानं आलो म्हणून यंत्र माझ्याशी बोलत नाही. माझ्या आधीचे साहेब किती ठाम असायचे."

"त्यांचीही कोरीच निघत असणार. आणि तुम्ही वाचून काय दाखवायचात?"

"सुचेल ते," ते म्हणाले. ओसाड पडलेली चाळीस शहरे बाईंच्या डोळ्यांपुढून गेली. कोरडे नळ, कुलूपबंद दवाखाने. त्या सगळ्यामागे यंत्र नव्हते. बंद खोलीत घाबरून बसलेला हा एकटा माणूस होता, आणि त्या शहरांतले पाणी त्याला कधी प्यावे लागले नव्हते.

"आणि आजचा आदेश? तेरगावच्या झडपांचा?"

"तेरगावात सगळं सुरळीत चालतं," ते खाली बघत म्हणाले. "लोक तुलना करतात. मला भीती वाटली."

"ठीक आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता, तो आताही चढला नाही. "मी दाखला देते. फक्त आमच्याकडची रीत पाळा. आदेश ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापुढे उभं राहून वाचायचा. चला कासार गल्लीत."

साहेब येत असल्याची खबर आधीच पोचली होती. सारी गल्ली जमली होती. देसले दगडावर चढले. त्यांनी खिशातली राज्यमतीची चिठ्ठी उलगडली. समोर घागरी कमरेवर घेतलेल्या बायका, खांद्यावर पोरे घेतलेले बाप्ये. देसलेंचे ओठ हलले, आवाज फुटेना. कागद हातात फडफडू लागला.

सोजरबाई पुढेच उभी होती. ती त्या हाताकडे बघत राहिली. तो थरकाप तिच्या ओळखीचा होता, अठरा वेळचा. तिने एकदा चारुशीलाबाईंकडे पाहिले आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "घाबरू नका, सायेब. कोरी निघली ना? माझी बी कोरीच निघती."

हमीदाबीच्या हातातली कळशी दणकन खाली पडली.

"सोजर, तेरी भी? तुझी पण?"

"तुझी बी?" कुणीतरी मागे वळून शेजाऱ्याला विचारले. त्याने नुसती होकारार्थी मान हलवली. त्याच्या मागच्यानेही हलवली. एकशे ऐंशी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे अशी बघत होती, जणू आज पहिल्यांदाच दिसत आहेत.

"सहा वर्षं झाली," म्हणत देसले दगडावरून उतरले. त्यांनी चिठ्ठी सोजरबाईच्या हाती दिली. टाकीत सोडण्याआधी सवयीने तिने ती वाचली. वरचे नाव, तारीख, मधला कोरा भाग आणि तळाची ओळ, उद्याच्या वसेकऱ्याची. कासार गल्लीत त्या ओळीवर रोज नवे नाव असे. इथे मात्र वरचेच नाव पुन्हा छापले होते.

"आन् उद्या बी ह्येंचाच?" तिने डोळे विस्फारून बाईंना विचारले. "रोज? एकट्याचाच वसा? सा वर्सं?" तिचा हात तोंडावर गेला. "मग ह्येंना सोडवायला कुनीच आलं न्हाई व्हय वं, बाई?"