मेंढपाळ हरवल्याची दवंडी

"हा ने की. हाही गुरंच राखतो," असं म्हणत विठ्ठलने काचेमागचा गोपाळकृष्ण रतनपुढे धरला.

चित्र सुरेख होतं. कृष्णाने वासराच्या गळ्यात हात टाकला होता. पण ते रतनचं नव्हतं. तिचं चित्र मेंढपाळ येशूचं होतं. पांढरा झगा, लांब केस, दाढी आणि खांद्यावर कोकरू. मिशनच्या शाळेत पाठांतरात पहिली आली म्हणून ते विलायती रंगीत चित्र तिला बक्षीस मिळालं होतं आणि चौकट करायला तिने ते स्वतः जांभळी नाक्यावर या दुकानात आणून दिलं होतं.

"विठ्ठलकाका, माझं चित्र कुठंय?"

"ज्याचं होतं तो घेऊन गेला."

"ज्याचं होतं ती मीच आहे."

विठ्ठलने तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं. विचार करायची त्याची तीच रीत होती. "आठ दिवस झाले. दोन्ही तसबिरी गुंडाळून ठेवलेल्या. एक पगडीवाले आले, 'माझा गुरं राखणारा देव द्या' म्हणाले. मी दिला. आता आत कुठला देव, ते कागद सोडून कोण बघतं?"

"कोण पगडीवाले?" मधुने विचारलं. मधु आणि त्याची धाकटी बहीण सरोज रतनच्या शेजारी राहत. नाताळच्या सुटीत तिघं दिवसभर बरोबरच असत.

"बाबा रे, ठाण्यात कचेऱ्या आहेत. पगड्यांना काय तोटा?"

"पण गुंडाळीवर नाव लिहायला काय झालं होतं?" सरोजने विचारलं. विठ्ठल दुकान झाडायला लागला.

कृष्ण काखोटीला मारून तिघं बाहेर पडली. रतनचे वडील, सहदेव मास्तर, दोन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले आणि कुटुंब घेऊन ठाण्याला आले. जुन्या घरातल्या तसबिरी जुन्या घरीच राहिल्या. इथे आल्याच दिवशी आईने, म्हणजे रखमाबाईंनी, समोरच्या भिंतीत एक खिळा ठोकून घेतला होता. दोन वर्षं तो खिळा रिकामाच होता आणि दोन वर्षं आई खिळ्याखालची भिंत रोज पुसत होती. एकदा विहिरीवर हरिहरपंतांच्या मंदाकिनीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "त्या मास्तरांच्या घरी देवच नाही हो, नुसता खिळा आहे." आई घागर भरून तशीच घरी आली. परवाच्या नाताळला त्या खिळ्यावर तसबीर लागणार, असं वचन रतनने आईला दिलं होतं.

"दवंडी पिटवू," मधु म्हणाला. "दवंडीवाला गुणाजी माझं ऐकतो. गेल्या वर्षी त्याची म्हैस मीच शोधून दिलेली."

गुणाजीने सगळं नीट ऐकून घेतलं. "मेंढपाळाची तसबीर हरवली, लांब केस, दाढी, खांद्यावर कोकरू, मिळाल्यास सहदेव मास्तरांकडे आणावी." त्याने दोनदा म्हणूनही दाखवलं. पण दुसऱ्या दिवशी ढोल गळ्यात अडकवल्यावर त्याच्या असं लक्षात आलं की 'तसबीर' हा शब्द ठेक्यात काही बसत नाही. तेव्हा त्याने तो गाळला.

"मेंढपाळ हरवला हो! लांब केस, दाढी! खांद्यावर कोकरू! सापडंल त्यानं मास्तरांच्या घरी आणावा हो!"

दुपारी मास्तरांच्या अंगणात हवालदार आला. त्याने एका माणसाला दंडाला धरून आणलं होतं. लांब केस, दाढी, खांद्यावर कोकरू.

"घ्या तुमचा मेंढपाळ," हवालदार मिशीवर हात फिरवत म्हणाला. "माजिवड्याच्या वाटेवर गावला. पळत होता."

"पळत न्हवतो, मेंढरामागं चाललो होतो," तो माणूस म्हणाला. "म्या धाकू. म्या हरवलोबी न्हाई. माझी शंभर मेंढरं तिकडं हायेत, ती मातर आता हरवत्याल."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. रखमाबाईंनी आधी पाहुण्याला गूळपाणी दिलं आणि मग हवालदाराला असं काही सुनावलं की तो ढोलवाल्याला शोधायला निघून गेला. हसू दाबत रतनने धाकूला खरा प्रकार सांगितला. धाकू पाणी प्यायचा थांबला.

"खांद्यावर कोकरू? मागं कळप? आगं, त्याला तर म्या परवाच बगितलं. हरिहरपंतांच्या घरात."

हरिहरपंत म्हणजे कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार. माजिवड्याला त्यांची भातखाचरं होती आणि खताच्या लेंड्यांसाठी ते दरवर्षी धाकूची मेंढरं तिथे रात्रीची बसवत. त्याबद्दलचं धान्य न्यायला धाकू त्यांच्या अंगणात गेला होता. तिथून त्याला सरळ देवघर दिसलं होतं.

"पूजा मांडलेली, झेंडूची माळ. म्हनलं, बामनाघरी आपल्यातला मानूस कसा? कोकराचे चारी पाय छातीपाशी धरलेत बग. ज्यानं मेंढरं राखली, त्यालाच तसं धराय येतं."

"मग चला मागायला," सरोज म्हणाली.

"मागून मिळणार नाही," मधु म्हणाला. "पंतांची चूक झाली, असं आजवर कोणी त्यांना सांगितलेलं नाही. शिरस्तेदार होते ते."

"मग आपण चूक सांगायचीच नाही," रतन म्हणाली. "आपण न्याय मागायचा."

हरिहरपंत झोपाळ्यावर बसले होते. मेंढरांची घाई असूनही धाकू साक्षीला आला होता. रतनने अंगणातूनच हात जोडले. "पंत, एक दावा आहे. मोठमोठ्यांना सुटला नाही. तुम्हीच निवाडा करा."

पंतांचे डोळे अधू होते, पण ते या वाक्याने चमकले. त्यांनी पगडी मागवली. रतन आणि धाकू यांना ओटीवर येता येत नव्हतं, म्हणून कोर्ट अंगणातच भरलं. सरोजने कृष्णाची तसबीर पुढे ठेवली. विठ्ठलची हकिकत मधुने सांगितली. मंदाकिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, कृष्णाला दाढी कशी," त्या म्हणाल्या.

"आणि मी सांगितलं होतं, द्वारकेला गेल्यावर आली असेल," पंत म्हणाले.

"आणि वासराला लोकर?"

"थंडीचे दिवस आहेत. साक्षीदार, तू सांग. ते वासरू की कोकरू?"

धाकूने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचं कोकरू खांद्यावरून उतरलं. कोणी कुठपर्यंत यायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते टणाटण ओटी चढलं, माजघर ओलांडून देवघरात गेलं, पाटावरच्या तसबिरीपुढे उभं राहून दोनदा ओरडलं आणि झेंडूची माळ खायला लागलं.

पंतांनी डोळे बारीक करून आत पाहिलं. मग त्यांनी घसा खाकरला.

"साक्षीदाराने आपला माणूस ओळखला आहे," ते म्हणाले. "ही तसबीर रतनची, कृष्ण माझा. दोष सर्वस्वी विठ्ठलचा. आणि ही पोर चार वकिलांना भारी आहे, हेही लिहून घ्या."

लिहून घेणारं कोणी नव्हतं, पण मधुने मान डोलावली.

नाताळच्या सकाळी रखमाबाईंनी तसबीर खिळ्याला लावली. काचेवरचं कुंकू आदल्या दिवशीच पुसलं होतं, येशूच्या कपाळावरचं आणि कोकराच्याही. इतक्यात दारात मंदाकिनीबाई दिसल्या. हातात शिऱ्याची वाटी होती.

"आठ दिवस माझ्या हातचं जेवलाय तो," त्या म्हणाल्या. "आज देवघरात गेले आणि चुकल्यासारखं झालं. कसा आहे, म्हटलं, बघून यावं."

त्या उंबऱ्याशी थबकल्या. आजवर त्यांच्या घरातलं कोणी या घरात आलं नव्हतं.

"घरी जाऊन आंघोळ करीन, त्यात काय," मंदाकिनीबाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि आत आल्या. तसबिरीसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. मग त्या रखमाबाईंकडे वळल्या. "तुमच्या घरी देव नाही, असं विहिरीवर मी म्हणाले होते. चुकले मी. उद्या विहिरीवरच सांगेन, सगळ्यांसमोर."

विहिरीवर जे पाणी डोळ्यांत येऊ दिलं नव्हतं, ते रखमाबाईंच्या डोळ्यांत आता आलं. रतनला आपली आई फार आवडली.

"दाढी मात्र शोभते हो त्याला," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

मधु-सरोजला रतनच्या घरचं खायची मनाई होती, पण शिरा मंदाकिनीबाईंच्या घरचा होता, त्यामुळे त्यांनाही तो चालत होता. तिघांनी तो तिथेच, त्या खिळ्याखाली बसून संपवला.